सीलबंद किरणोत्सारी सोर्सची गुणवत्ता आणि सुरक्षा चाचणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओग्राफीच्या (गॅमा किरणांनी वेल्ड, पाईप आतून तपासण्याच्या) कामावर नव्याने लागलेली मुलं, हॉस्पिटलमधले तंत्रज्ञ, आणि कारखान्यात 'तू सायन्सचा आहेस ना' म्हणून ज्यांच्या गळ्यात आरएसओचं, म्हणजे किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याचं, काम पडलं ते लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. जिथे लोक हमखास चुकतात तिथेच ती लांबली आहेत.

सीलबंद सोर्स म्हणजे नेमकं काय?

किरणोत्सारी पदार्थ धातूच्या कुपीत घालून तिचं तोंड वेल्डिंगने कायमचं बंद केलं की झाला सीलबंद सोर्स. कागदोपत्री 'सीलबंद किरणोत्सारी स्रोत', बोलताना नुसता 'सोर्स'. कुपी बहुतेक वेळा स्टेनलेस स्टीलची असते, काही वैद्यकीय सोर्सची टायटॅनियमची. रेडिओग्राफीच्या कॅमेऱ्यात (सोर्स ठेवायच्या जाड कवचाच्या पेटीत) इरिडियम-१९२ असतं, अन्न आणि वैद्यकीय सामान विकिरित करणाऱ्या, म्हणजे त्यावर किरण सोडणाऱ्या, केंद्रांत कोबाल्ट-६०, कारखान्यातल्या लेव्हल गेजमध्ये (टाकीतली पातळी मोजणाऱ्या उपकरणात) सीझियम-१३७.

खिडकीच्या काचेतून ऊन आत येतं, पाऊस येत नाही. कुपीचं काम तसंच आहे. गॅमा किरण बाहेर पडायलाच हवेत, त्यासाठीच तर सोर्स विकत घेतला. पदार्थाचा कण मात्र बाहेर येता कामा नये. या पानावरचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्या कणाचा आहे.

मग मीटरने कॅमेऱ्याजवळ रीडिंग दाखवलं तर ती गळती का?

नाही. कवचातून थोडे किरण बाहेर येणारच, आणि किती आले तर चालतील याची मर्यादा ठरलेली असते. गळती म्हणजे पदार्थ बाहेर येणं. उलट बाजूही लक्षात ठेवा: मीटर शांत आहे म्हणून गळती नाही, असंही म्हणता येत नाही. गळती पाहायला फडक्याने पुसतात, आणि कवचाजवळच्या रीडिंगपुढे त्या फडक्यावरचे शे-दोनशे बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन) सर्व्हे मीटरला दिसतच नाहीत.

आमच्या सोर्सच्या प्रमाणपत्रावर 'सी ४३५१५' लिहिलंय. हा काय प्रकार?

हा आयएसओ २९१९ या मानकाचा वर्ग आहे. पहिलं अक्षर 'सी' असेल तर कुपीतली सक्रियता (किरणोत्साराचं प्रमाण) मानकात त्या पदार्थासाठी दिलेल्या मर्यादेच्या आत आहे. 'ई' असेल तर ती त्यापुढे आहे. नंतरचे पाच आकडे पाच चाचण्यांचे: तापमान, बाहेरचा दाब, आघात, कंपन आणि टोचणी. १ म्हणजे चाचणीच नाही. पुढे आकडा वाढेल तशी परीक्षा कडक.

तुमच्या आकड्याचा अर्थ असा. तापमान ४: उणे ४० अंशांत २० मिनिटं, अधिक ४०० अंशांत १ तास, आणि वर ४०० वरून एकदम २० अंशांवर आणण्याचा झटका. दाब ३: २५ किलोपास्कलपासून २ मेगापास्कलपर्यंत. आघात ५: ५ किलोचा घण १ मीटरवरून. कंपन १: चाचणी नाही. टोचणी ५: ३०० ग्रॅमची टोकदार पिन १ मीटरवरून.

कॅमेऱ्याबाहेर, उघड्यावर येणाऱ्या रेडिओग्राफी सोर्सकडून मानक किमान एवढी अपेक्षा ठेवतं. तो सोर्स गाईड ट्यूबमधून, म्हणजे कॅमेऱ्याला जोडलेल्या नळीतून, पार टोकापर्यंत जातो, त्यावर पाईप पडू शकतो, कुणाचा बूट पडू शकतो. तेलविहिरीत उतरणाऱ्या सोर्सचा किमान वर्ग ५६५२२ आहे. तिथे दाबाचा आकडा ६, म्हणजे १७० मेगापास्कल. विहिरीच्या तळाशी काय असतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

आता खरी गोष्ट. हा आकडा तुमच्या कुपीने मिळवलेला नाही. तो त्या रचनेच्या नमुन्याने मिळवलेला आहे. त्याच मापाच्या, त्याच धातूच्या, त्याच वेल्डिंगच्या बहुतेक वेळा निष्क्रिय, म्हणजे किरणोत्सारी पदार्थ नसलेल्या, कुप्या घणाखाली आणि भट्टीत घातल्या, त्या टिकल्या, म्हणून त्या रचनेला वर्ग मिळाला. तुमच्या हातातली कुपी कुणी घणाखाली ठेवलेली नाही, ठेवली असती तर ती तुम्हाला विकता आली नसती. ती त्या नमुन्यासारखीच बनली आहे याची हमी कारखान्याच्या गुणवत्ता व्यवस्थेवर उभी असते. प्रमाणपत्र फाईलला लावून 'आमचा सोर्स ४०० अंश सोसतो' म्हणणाऱ्यांना हे एकदा सांगावंच लागतं.

मग प्रत्येक कुपीवर निदान काय तरी होतं की नाही?

होतं, आणि बरंच होतं. इरिडियमचं उदाहरण घेऊ. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत इरिडियमच्या चकत्या सक्रिय होतात. मग ब्रिटच्या (देशात सोर्स बनवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) हॉट सेलमध्ये जाड शिशाच्या भिंतीआड मॅनिप्युलेटरच्या हातांनी त्या कुपीत भरून टिग वेल्डिंग केलं जातं. तिथे माणूस वाकून वेल्ड पाहू शकत नाही. म्हणून वेल्डचं तंत्र आधी निष्क्रिय कुप्यांवर बसवतात. कुपी उभी कापायची, घासून चकाकवायची, ॲसिड लावायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली वितळलेला भाग किती खोल गेला ते मोजायचं. विद्युतप्रवाह, वेळ, आर्गॉन हे आकडे एकदा ठरले की त्यांच्याशी खेळायचं नाही.

त्यानंतर प्रत्येक सक्रिय कुपीची मापं, गळती चाचणी, बाहेरून धुणं, पुसून पाहणं, सक्रियता मोजणं आणि अनुक्रमांक. धुणं आणि पुसणं यांचा क्रम महत्त्वाचा. हॉट सेलची धूळ कुपीला बाहेरून लागलेली असतेच, ती न काढता पुसलं तर चांगली कुपीही गळकी ठरते.

गळती शोधायच्या पद्धती किती?

आयएसओ ९९७८ मध्ये दोन घराणी आहेत.

पहिलं किरणोत्सार मोजणारं. कुपी ओल्या किंवा कोरड्या फडक्याने पुसायची, नाहीतर गरम वा उकळत्या पाण्यात ठेवून ते पाणी मोजायचं. रेडियम असेल तर बाहेर आलेला रेडॉन वायू पकडायचा.

दुसरं घराणं किरणोत्साराकडे बघतच नाही, ते भोक शोधतं. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघतात, तेच इथे. कुपी द्रवात बुडवून वर निर्वात करायचा, किंवा गरम द्रवात टाकायची. बुडबुड्यांची रांग लागली की भोक सापडलं. याहून कितीतरी बारीक भोक हीलियम आणि मास स्पेक्ट्रोमीटरने कळतं.

हीलियममध्ये एक गंमत आहे आणि परीक्षेत ती हमखास विचारतात. कुपी आधी दाबाखालच्या हीलियममध्ये ठेवून मग यंत्राला लावली आणि भोक मोठं असेल, तर आत शिरलेला हीलियम मोजणीआधीच निघून जातो. यंत्र म्हणतं, कुपी उत्तम! म्हणून हीलियमच्या जोडीला बुडबुड्यांची चाचणी ठेवतात. शिवाय कुपीच्या आत थोडी पोकळी लागते. गच्च भरलेल्या कुपीत हीलियम जाणार कुठे आणि येणार कुठून?

गळतीची मर्यादा १८५ बेकरेल की २०० बेकरेल? दोन्ही आकडे वाचलेत.

दोन्ही बरोबर. जुनी मर्यादा ०.००५ मायक्रोक्युरी होती (क्युरी हे सक्रियतेचं जुनं एकक), तिचे बेकरेल केले की १८५ येतात. आयएसओने सोयीसाठी २०० धरले. तुमच्या परवान्यात जो आकडा असेल तो पाळा. १९० बेकरेल आले म्हणून कुठला आकडा लावायचा असा वाद घालत बसण्यात अर्थ नाही. चांगल्या कुपीच्या फडक्यावर एवढं काही नसतंच.

वाइप टेस्ट (पुसून गळती पाहण्याची चाचणी) कशी करायची? आमच्याकडे 'फडकं फिरवलं, ओके लिहिलं' असं चालतं.

चालतं हे माहीत आहे. म्हणूनच हे उत्तर लांब आहे.

सोर्सला हात लावायचा नाही. गॅमा सोर्सची कुपी स्वतः पुसणं हे काम हॉट सेलमध्येच होतं. तुम्ही पुसायचं ते कुपीच्या सर्वांत जवळचं, हात पोचेल असं ठिकाण. कॅमेऱ्यात सोर्स ज्या नळीतून जातो तिचं तोंड आणि गाईड ट्यूबचं आतलं टोक. गेजमध्ये शटर बंद करून झडपेच्या फटी आणि सांधे. पदार्थ बाहेर आला तर याच वाटेने येणार. वरचं पिवळं रंगवलेलं झाकण पुसून काय मिळणार? कारखान्याची धूळ.

फिल्टर पेपर किंवा कापूस थोड्या अल्कोहोलने नाहीतर पाण्याने ओला करा. चिमट्यात किंवा काडीच्या टोकाला धरा, हातमोजे घाला. पुसून झालं की कागद लगेच वेगळ्या पिशवीत, त्यावर ठिकाण, तारीख आणि सोर्सचा अनुक्रमांक. दहा गेज असतील तर दहा पिशव्या. सगळ्या गेजसाठी एकच बोळा फिरवलेला मी पाहिला आहे. तो स्वच्छ निघाला हे त्या कारखान्याचं नशीब.

मोजणी सोर्सपासून दूर, कमी पार्श्वभूमीच्या खोलीत, विहिरीसारखा खड्डा असलेल्या सोडियम आयोडाइड काउंटरवर. समजा, रिकाम्या नळीने १०० सेकंदांत १२० काउंट दिले आणि कागदासह ३४०. फरक २२०, म्हणजे सेकंदाला २.२. त्या किरणांसाठी काउंटरची कार्यक्षमता २० टक्के असेल तर २.२ भागिले ०.२, म्हणजे ११ बेकरेल. मर्यादेच्या खूप आत. वहीत 'ओके' लिहू नका, '११ बेकरेल' लिहा. पुढच्या वेळी ४० आले आणि त्यापुढच्या वेळी ९०, तर तिन्ही वेळा 'ओके'च झालं असतं. आकडे लिहिलेले असतील तर कुपी काहीतरी सांगते आहे हे कळतं.

किती दिवसांनी?

परवान्यात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांचा पाठ आहे. पडझड, आग, पूर असं काही झालं तर तारखेची वाट पाहायची नाही.

इरिडियम तर काही महिन्यांत बदलतोच. मग रेडिओग्राफीवाल्यांनी एवढी काळजी कशाला?

इरिडियम-१९२ चं अर्धायुष्य ७४ दिवसांचं, खरं आहे. कुपी म्हातारी व्हायच्या आत परत जाते. पण तुमच्या धंद्यात माणसं भाजली आहेत ती गळतीने कमी आणि सोर्स बाहेर राहिल्याने जास्त. पिगटेल (सोर्स जिच्या टोकाला असतो ती छोटी केबल) सुटली, केबल अडकली, आणि सोर्स आत आला असं समजून कुणीतरी पुढे गेलं. ५० क्युरी इरिडियमपासून १ मीटरवर तासाला साधारण २४० मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) मिळतात. कामगाराची वर्षाची सरासरी मर्यादा २० मिलिसीव्हर्ट आहे. ती पाच मिनिटांत संपते.

तेव्हा तुमच्यासाठी सुरक्षा चाचणी म्हणजे पिगटेल आणि सोर्स आतबाहेर नेणाऱ्या ड्राइव्ह केबलची जोडणी. गो-नो-गो गेजने (झीज मर्यादेत आहे की नाही एवढंच सांगणाऱ्या मापाने) जोडाचा गोळा आणि खाच तपासा. झिजलेला जोड डोळ्यांना ठीकच दिसतो. केबलचे तुटलेले धागे, चेपलेली गाईड ट्यूब, न फिरणारं कुलूप हे रोज सकाळी बघा. आणि प्रत्येक शॉटनंतर मीटर हातात घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि ट्यूबच्या टोकापर्यंत चालत जायचं. रात्रीची पाळी आहे, शेवटचा जॉइंट आहे, पाऊस आहे, तरीही.

सगळ्या चाचण्या पास झालेला सोर्स गळू शकतो का?

शकतो. १९८८ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या डिकेटर इथल्या विकिरण केंद्रात सीझियमची कुपी गळली आणि हौदाच्या पाण्यात सीझियम उतरलं. कुप्या हॅनफर्डच्या अणुकेंद्रात बनलेल्या होत्या, दुहेरी स्टीलच्या. पण आतला पदार्थ सीझियम क्लोराईड होता आणि कुप्या रोज पाण्यातून वर, वरून पाण्यात जात. प्रत्येक फेरीत तापायच्या आणि निवायच्या. तापल्यावर त्या क्षाराची स्फटिकरचना बदलते, तो फुगतो आणि कुपीला आतून रेटतो. नमुन्याला एकदा भट्टीत घालणं वेगळं, आणि हजारो वेळा थोडं थोडं तापवणं वेगळं.

रेडियमच्या जुन्या नळ्यांचं दुखणं निराळं. रेडियममधून अल्फा कण बाहेर पडतात, अल्फा कण म्हणजे हीलियमचा गाभा. बंद नळीत वर्षानुवर्षं हीलियम साठत जातो, सोबत रेडॉन असतोच. आतला दाब वाढत राहतो आणि एक दिवस जोड उसवतो.

म्हणून कुपीइतकंच आत काय भरलंय हे महत्त्वाचं. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातलं यंत्र भंगारात गेलं. कुपी फोडल्यावर अंधारात निळसर चमकणारी भुकटी निघाली, तीही सीझियम क्लोराईड. मिठासारखी विरघळणारी, हाताला चिकटणारी. लोकांनी ती वाटून घेतली. ४ जण दगावले, २४९ जणांच्या अंगावर वा अंगात ती सापडली, १ लाख १२ हजारांहून अधिक लोकांना तपासावं लागलं. तीच सक्रियता धातूच्या तुकड्यात असती तर जवळ असणाऱ्यांना इजा झालीच असती, पण गावभर ती पसरली नसती.

या बाबतीत आपल्याकडे झालेलं एक काम मला मनापासून आवडतं. ट्रॉम्बेत अणुकचऱ्यातून वेगळं काढलेलं सीझियम काचेत मुरवून तिच्या पेन्सिली बनवतात, रक्त विकिरित करणाऱ्या यंत्रांसाठी. कुपी फुटली तरी काचेचे तुकडे पडतात, विरघळून वाहून जाणारी भुकटी नाही.

वाहतुकीच्या कागदावर 'विशेष स्वरूप' असतं. ते वेगळं प्रमाणपत्र का?

हो. ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या वाहतूक नियमांतून येतं. कुपी ९ मीटरवरून कठीण पृष्ठभागावर टाकायची. शिशाच्या पत्र्यावर ठेवून १.४ किलोची सळई १ मीटरवरून मारायची. ८०० अंशांत १० मिनिटं ठेवायची. लांब बारीक कुपी असेल तर वाकवायचीही. एवढं होऊन पाण्यात २ किलोबेकरेलपेक्षा जास्त उतरता कामा नये. पास झाली की एका साध्या पेटीत जास्त सक्रियता नेता येते: सीझियम-१३७ साठी ०.६ ऐवजी २ टेराबेकरेल. आयएसओ वर्ग आहे म्हणून हे आपोआप मिळत नाही. प्रमाणपत्राची मुदतही बघा.

हॉस्पिटलमध्ये कारखान्याने दिलेली सक्रियता का नाही चालत? पुन्हा मोजायची कशाला?

कारण उपचाराचा डोस त्या आकड्यावर ठरतो. ब्रॅकिथेरपीचा (शरीराच्या आत सोर्स ठेवून करायच्या कर्करोगाच्या उपचाराचा) इरिडियम सोर्स साधारण १० क्युरीचा, तांदळाच्या दाण्याहून बारीक, आणि रोज जवळजवळ १ टक्क्याने उतरणारा. नवा सोर्स आला की भौतिकशास्त्रज्ञ विहिरीसारख्या आयनीकरण कक्षात तो मोजतात आणि प्रमाणपत्राशी ताडतात. ५ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर रुग्ण टेबलावर घ्यायचा नाही, आधी कारण शोधायचं. बरेचदा कारण साधं निघतं: तारीख चुकीची टाकली, किंवा प्रमाणपत्रावरची वेळ दुसऱ्या देशातली होती.

वाशीला किंवा लासलगावला विकिरित केलेला आंबा-कांदा किरणोत्सारी होतो का?

नाही. कोबाल्ट-६० च्या १.१७ आणि १.३३ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांत पदार्थाला किरणोत्सारी करण्याची ताकद नाही, आणि माल सोर्सला शिवत नाही. गळतीची शंका मात्र रास्त आहे. म्हणून जिथे सोर्स पाण्याच्या हौदात ठेवतात तिथे ते पाणी आणि ते शुद्ध करणारी रेझिन सतत तपासतात. काही बाहेर आलंच तर ते रेझिनमध्ये साठतं आणि तिथला मीटर बोलतो. पाण्यातल्या क्लोराईडवरही लक्ष ठेवतात, ते स्टीलला खातं.

वाइपमध्ये मर्यादेपेक्षा जास्त आलं. आता?

काम थांबवा. उपकरण हलवू नका, धुवू नका, उघडून बघू नका. धुतलं तर पुरावा जातो आणि घाण नाल्यात जाते. जागा दोरीने बंद करा, उपकरण प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पुसणाऱ्याचे हात, कपडे, चपला तपासा. आरएसओ, मालक, पुरवठादार आणि एईआरबीला (अणुऊर्जा नियामक मंडळाला) कळवा. दुसरा कागद घेऊन पुन्हा मोजायला हरकत नाही, पण पहिला कागद फेकायचा नाही. 'दुसऱ्यांदा चांगलं आलं, म्हणून पहिलं लिहिलं नाही' हे सगळ्यात वाईट.

प्रमाणपत्रावरची शिफारस केलेली मुदत संपली, पण सोर्स अजून चांगला आहे.

सक्रियता शिल्लक असणं आणि कुपी धड असणं या दोन गोष्टी आहेत. अमेरिशियम-२४१ चं अर्धायुष्य ४३२ वर्षं आहे. त्याचं स्टील आणि वेल्ड ४३२ वर्षांची हमी घेऊन आलेलं नाही. बनवणाऱ्याला आणि एईआरबीला विचारून, तपासणी करून मुदत वाढवता येते. आपल्या मनाने नाही.

वापरात नसलेला गेज कोपऱ्यात पडून आहे. चाचणी बंद केली तर चालेल?

चालणार नाही. वापर थांबला म्हणून सोर्स थांबत नाही. तो परत पाठवा: परदेशी असेल तर मूळ पुरवठादाराकडे, नाहीतर देशातल्या अधिकृत ठिकाणी. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारवाल्यांकडे पोचलेलं कोबाल्टचं यंत्र विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अनेक वर्षं बंद पडून होतं. ते लिलावात गेलं. एक माणूस गेला, बाकीचे इस्पितळात. त्या कुप्या बनल्या तेव्हा त्यांची गुणवत्ता कशी होती हा प्रश्नच उरला नव्हता. यंत्रात काय आहे हे लिलाव करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात याची दुसरी बाजू दिसली. गेजमधली ८ बाय ६ मिलिमीटरची सीझियमची कुपी सुमारे १४०० किलोमीटरच्या प्रवासात रस्त्यावर कुठेतरी पडली आणि १ फेब्रुवारीला सापडली. तिच्यातून काही गळलं नव्हतं. ढिला पडला होता तो गेजचा बोल्ट.

मोबाईलच्या ॲपने गळती तपासता येते का?

नाही. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर तीव्र गॅमाचे ठिपके उमटतात हे खरं, पण ठिपके दिसायला लागले असतील तर फोन बघत उभं राहू नका, मागे फिरा. २०० बेकरेल त्याला कधीच दिसणार नाहीत. फडक्याचे कागद जवळच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मोजून मिळतात. पाठवताना पिशवीवर अनुक्रमांक नीट लिहा, ओल्या कागदावर शाई फुटते.